लाल दोऱ्याच्या मेंढ्या

"आणि या? यांच्या गळ्यात दोरे कसले बांधलेस? लग्नाला निघाल्यात का?"

उम्मीच्या, म्हणजे माझ्या आईच्या, हातात औषधाचा पेला तसाच राहिला होता. पांढरं औषध तिच्या मनगटावरून बाहीत ओघळत होतं आणि तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

"त्यांना पाजायचं नाही," दालेंदा म्हणाली. "मघापासून तेच सांगतेय, उम्मी. लाल दोरा दिसला की सोडायची, पुढची धरायची."

"सोडायची म्हणजे?"

"सोडायची म्हणजे सोडायची. तोंड उघडायचंच नाही. तिचं."

माझा भाऊ खमैस गुडघ्यांमध्ये एक काळी मेंढी दाबून उभा होता. तो म्हणाला, "मी पण माझं उघडत नाही," आणि मेंढीच्या पाठीवर हात फिरवत राहिला. सासूसुनेच्या भांडणात त्याची जागा नेहमी अशीच, कुठल्या तरी जनावराच्या मागे.

"म्हणजे या पोटात घाण घेऊन वर जाणार? सीदी बू-गाबांच्या कुरणात?"

"जाणार."

"उद्या?"

"उद्याच. सगळ्यांबरोबर."

उम्मीनं पेला ओट्यावर ठेवला. माझी आई रागावली की ओरडत नाही, वस्तू नीट जागच्या जागी ठेवायला लागते. तिनं पेला ठेवला, बाटलीचं झाकण लावलं, बाही पिळली आणि म्हणाली, "मग उद्या झाप कोण काढतं तेही बघू."

मी उद्याच्या जेवणासाठी गाजरं निवडायला म्हणून आले होते, माझा हात थांबला.

आमच्या ऐन रीहान गावात राहणाऱ्याला या वाक्याचा अर्थ सांगावा लागत नाही. सीदी बू-गाबा या पीरांच्या कबरीभोवतीचं, डोंगरावरचं कुरण उन्हाळाभर बंद असतं. तोंडाशी काटेरी फांद्यांचा झाप लावलेला असतो. शरदात पाऊस होऊन गवत वर आलं की एक दिवस ठरतो, आणि त्या सकाळी आमच्या घरातली बाई पहिली फांदी ओढते. तिनं ओढल्याशिवाय कुणाचं जनावर आत जात नाही. हा मान आजीनं उम्मीला दिला, उम्मीकडून तो दालेंदाकडे जाणार, उम्मीच्या माघारी. आणि त्याआधीच्या दोन-तीन दिवसांत सगळी मेंढरं धुवायची. अंगावरून नव्हे, आतून. आजीच्या वेळी कडू दवण्याचा काढा पाजत. वडिलांच्या वेळेपासून दुकानातलं पांढरं औषध आलं. काढा गेला, औषध आलं, पण रीत तीच. आपण नमाजाआधी हातपाय धुतो तसं जनावरांनी पोट धुऊन जायचं. कुरण सीदींचं आहे. तिथे जंत घेऊन जायचं नाही.

आणि माझी भावजय सांगत होती, तिच्या कळपातल्या जवळजवळ निम्म्या मेंढ्या न धुता जातील.

दालेंदा इथली नाही. कैरवानच्या पलीकडच्या कोरड्या माळावरची. खमैस ऐन तारुण्यात जैतून तोडायला तिकडे मजुरीला गेला होता. परत आला तो महिन्याभरात पुन्हा गेला आणि बायको घेऊन आला. ट्रकच्या मागच्या बाजूला ती बसली होती, आणि तिच्याभोवती तिच्या बापानं दिलेल्या तांबड्या तोंडाच्या, जाड शेपटीच्या मेंढ्या. ट्रकमधून उतरल्या उतरल्या तिनं पहिलं काय विचारलं असेल? पाणी नाही, सासू कुठे आहे हेही नाही. "यांना कोरडी जागा कुठे आहे?"

कोरडी जागा नव्हती. आमच्या डोंगरात भिंतीसुद्धा घामेजतात. तिच्या मेंढ्यांनी असं ओलं, घोट्याएवढं गवत जन्मात पाहिलं नव्हतं. त्या हावरटासारख्या खायला लागल्या आणि त्या गवताबरोबर जे काही पोटात जातं तेही खात राहिल्या. हिवाळ्यात त्यांच्या जबड्याखाली पाण्याच्या पिशव्या लोंबायला लागल्या. वसंत येईपर्यंत एकही उरली नाही. तेव्हा शेजारचा तिजानी दुकानासमोर म्हणाला होता, "माळावरची मेंढी गेली, आता माळावरची सून. दमट हवा दोघींनाही मानवायची नाही." ते तिच्या कानावर यायचं ते आलंच.

तिनं मागच्या खोलीत माग उभा करून घेतला. माहेरची गाठ तिच्या बोटांत होती. पहिला गालिचा विणून झाला तो घेऊन ती नेफ्झ्याच्या बाजारात गेली आणि आमच्याकडची काळी कोकरं घेऊन आली. मग दुसरा, मग तिसरा. आजही तिच्या कळपातली प्रत्येक मेंढी ज्या गालिच्याच्या बदल्यात तिची पणजी आली त्याच्या नक्षीवरून ओळखली जाते. कंदीलवाली, खिडकीवाली, हिरव्या काठाची. परक्यानं ऐकलं तर त्याला वाटावं, बाई घरातलं सामान मोजतेय. कळप तिचा आहे हे घरात सगळे मानतात. खमैस जंगलात बुचाची साल काढायला जातो, त्याची कमाई पीठ, तेल आणि गॅसला जाते. बाकी घर, मुलींची लग्नं, उम्मीच्या डोळ्याचं ऑपरेशन, सगळं मेंढ्यांवर उभं राहिलं.

आता ती पन्नाशी ओलांडून गेलीय. आवाज मोठा, पाय पसरून बसायची सवय, सकाळी सकाळी हरिसा लावून रोटी खाणार आणि वर म्हणणार, आज तिखट कमी आहे. उम्मीशी तिचं रोज वाजतं. मिठावरून, दारावरून, कोंबड्यांवरून. पण उम्मीच्या केसांना मेंदी लावायची तर ती दालेंदानंच. मी लावायला गेले तर उम्मी म्हणते, "तुझा हात जड आहे." मी तिची पोटची मुलगी.

तर हा कळप गेल्या काही वर्षांत बिघडत चालला होता. रीतीप्रमाणे सगळ्या मेंढ्यांना धुवायचं, वर न्यायचं, सीदींच्या नावाचा कुसकुस शिजवायचा, सगळं होत होतं. पंधरा-वीस दिवस मेंढ्या बऱ्या दिसायच्या. मग परत तेच. रोडावायच्या, लोकर हातात यायची, जबडा सुजायचा. पुन्हा पाजायचं, पुन्हा तेच. गेल्या हिवाळ्यात कंदीलवालीच्या वंशातली सगळ्यात दुधाळ मेंढी गेली, पाठोपाठ खिडकीवालीच्या दोघी. सीदींच्या कुरणात, इतक्या चांगल्या गवतात, आणि धुऊन नेलेल्या.

गावानं आपापली कारणं काढली. उम्मीनं कबरीपाशी ऊद जाळला आणि बायकांच्या बैठकीत सगळ्यांकडे रोखून बघत म्हणाली, "कुणीतरी अस्वच्छ पायांनी वर गेलंय." तिजानीनं पेला दुप्पट केला. दालेंदानं कारण काढलं नाही. ती म्हणाली, "कळत नाही. जे करायचं ते सगळं केलं तरी मरतात, म्हणजे जे करतो त्यातच काहीतरी आहे."

वसंतात जनावरांच्या कॉलेजातून डॉक्टर इन्साफ आली. तरुण, बारीक, गाडी स्वतः चालवणारी. तिला मेंढ्यांच्या जंतांवर संशोधन करायचं होतं, औषध लागू पडतं का ते बघायचं होतं, त्यासाठी कळप हवे होते. गावातल्या पुरुषांनी चहा पाजला आणि नाही म्हटलं. आज लेंड्या मोजतील, उद्या मेंढ्या मोजतील, परवा कर लावतील. दालेंदा दारातून म्हणाली, "माझा घे. लेंड्यांवर कर लागला तर मी श्रीमंतच झाले."

डॉक्टर हातमोजा घालून मेंढीच्या मागून लेंड्या काढायला लागली, तेव्हा उम्मी ओट्यावरून बघत होती.

"बिंती, पोरी, आईबापांनी एवढं शिकवलं ते याच्यासाठी?"

"हो ना, लेल्ला," डॉक्टर मान वर न करता, पण आदरानं म्हणाली. "माझी आई पण हेच विचारते."

उम्मीला ती त्या क्षणी आवडली. आवडली म्हणून तिचं ऐकायचं, असं मात्र उम्मीचं नसतं.

मग डॉक्टरनं औषध कसं पाजता ते विचारलं. दालेंदानं पेला आणून दाखवला. आमचे चहाचे पेले, त्यांच्यावर सोनेरी फूल असतं. फुलापर्यंत एक पेला, एका मेंढीला.

"आणि एडक्याला?"

"त्यालापण फुलापर्यंत. एडका झाला म्हणून काय झालं?"

"बाटली कमी पडली तर?"

"कमी कशी पडेल?" उम्मी म्हणाली. "आमच्या दारी त्या दिवशी कुणीही पेला घेऊन आलं तरी रिकामं जात नाही. कमी पडायला लागली की पाणी घालते मी."

डॉक्टरनं थोडा वेळ डोळे मिटून घेतले. मग गाडीतून काटा काढला, मेंढ्या झोळीत टांगून वजन केलं आणि वजनाप्रमाणे तिच्या स्वतःच्या नव्या बाटलीतलं औषध स्वतःच्या हातानं पाजलं. त्याआधी लेंड्या घेतल्या होत्या. दोन आठवड्यांनी येऊन पुन्हा घेतल्या. त्यानंतर आली ती निकाल घेऊन, आणि सरळ स्वयंपाकघरात येऊन बसली. मी तिथेच होते, दालेंदा पीठ मळत होती.

"लेल्ला दालेंदा, औषध चाललं नाही."

"तुझंपण?"

"माझंपण. पूर्ण मात्रा, नवी बाटली. लेंड्यांत जंतांची अंडी होती तेवढीच आहेत जवळजवळ. औषध खोटं नाही. जंत तयार झालेत."

"तयार म्हणजे?"

"पेलाभर औषध त्यांच्या अंगावरून जातं आणि त्यांना काही होत नाही. सुरुवातीला असे थोडेच असतात. औषध पाजलं की बाकीचे मरतात, हे राहतात. त्यांचीच पिल्लं होतात. वर्षानुवर्षं तुम्ही अर्धी मात्रा दिलीत, पाणी घालून दिलीत, त्यानंही मदत झाली. पण ते एकच कारण नाही." ती थांबली. तिला पुढचं कसं सांगावं ते कळत नसावं. "औषध पाजल्यावर दुसऱ्या दिवशी तुम्ही मेंढ्या कुठे नेता?"

"वर. सीदींच्या कुरणात."

"जे उन्हाळाभर रिकामं असतं. उन्हानं जुने जंत मेलेले असतात. एकदम स्वच्छ."

"स्वच्छ असतं म्हणूनच धुऊन नेतो ना!"

"हो. आणि त्या धुतलेल्या मेंढ्यांच्या पोटात कोण उरलेलं असतं?"

दालेंदाचे हात पिठात थांबले. मी तिचा चेहरा बघत होते. गालिचा विणताना खूप मागे चुकलेली गाठ अचानक दिसली की तिचा चेहरा असा होतो.

"तेच," ती म्हणाली. "न मरणारे."

"फक्त तेच. त्या दिवसापासून कुरणात जी लेंडी पडते तिच्यात दुसरे जंतच नसतात. स्वच्छ कुरण, आणि पेरणी निव्वळ त्यांची."

"म्हणजे वरासाठी मुलगी निवडावी तसे निवडून निवडून नेले आम्ही त्यांना. वर आणि मेजवानी घातली." तिनं पीठ जोरात आपटलं. "इतकी वर्षं! आणि हिच्या आईनं," माझ्याकडे बोट करून, "ऊद जाळला."

डॉक्टर हसली नाही. तिला जे करून बघायचं होतं ते तिनं सांगितलं. सगळ्यांना पाजायचं नाही. जी मेंढी धडधाकट आहे तिला तशीच जाऊ द्यायची, तिच्या पोटातले साधे जंत बरोबर जाऊ द्यायचे. ते कुरणात मिसळले की त्या न मरणाऱ्यांचं राज्य राहणार नाही. पाजायचं ते फक्त रक्त कमी झालेल्या मेंढ्यांना, आणि तेही वेगळ्या जातीचं औषध, वजनावर. कुणाला रक्त कमी आहे ते खालची पापणी ओढून बघायचं. लाल, गुलाबी, तर ठीक. पांढरट, तर पाजायचं.

"म्हणजे काही जंत जपायचे?" दालेंदानं विचारलं. "चांगले जंत?"

"चांगले नाहीत. मरणारे."

"आणि न पाजलेली एखादी गेली तर?"

"जाऊ शकते. मी खात्री देत नाही. दुसरीकडे जमलंय, इथे कुणी केलेलं नाही. गेली तर मी येऊन बघेन, का गेली ते."

"चला, एक तरी डॉक्टर खरं बोलली," दालेंदा म्हणाली. "करू."

तिनं हे खमैसला सांगितलं. उम्मीला सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "साल्हा, उन्हाळाभर भांडायचं की एक दिवस? मला एक दिवस परवडतो."

तो एक दिवस हा होता.

झाप काढणार नाही म्हटल्यावर उम्मी ओट्यावर जाऊन बसली. दालेंदानं तिच्यामागे जाऊन मनधरणी केली नाही. बाही सरसावून ती डॉक्टरनं ठेवलेलं नवं औषध मापाच्या नळीनं दोरा नसलेल्या मेंढ्यांना पाजत राहिली. पण मला तिची मान दिसत होती. ताठ झाली होती. झाप निघाला नाही तर कळप खालच्या चिखलात अडकणार. तिथलं गवत संपलेलं होतं. आणि उम्मीनं सगळ्यांदेखत नाही म्हटलं असतं, तर दालेंदाच्या मेंढ्यांना त्या कुरणात पुन्हा कधी जागा मिळाली नसती. उम्मीच्या माघारीही नाही. तीस वर्षांचे गालिचे त्या झापाबाहेर उभे होते.

दुपारी तिजानी आला. बरोबर दोरीला एक गाभण मेंढी, तिला आमच्या टाक्यावर पाणी पाजायचं निमित्त.

"लेल्ला, उद्याची तयारी झाली ना? माझी मेंढरं धुऊन झाली. परवाच. दुप्पट पेला, काही शिल्लक ठेवलं नाही पोटात. उद्या माझीच पुढे घ्या." मग त्याला दोरे दिसले. "हे काय? दालेंदा, गालिचे संपले म्हणून आता मेंढ्या विणतेस?"

"हो. तुम्हाला एक देऊ का, सी तिजानी? पायपुसणं करा."

"आईशप्पथ, गावात बोलतायत ते खरं आहे तर. न धुता नेणार म्हणे. लेल्ला, तुमच्या घरातून हे?"

उम्मीनं ओट्यावरचा पेला आणखी नीट ठेवला. तिचा राग घरचा होता, तो तिजानीसाठी नव्हता.

दालेंदा उठली आणि सरळ त्याच्या मेंढीपाशी गेली. "परवा धुतली ना? दुप्पट?"

"दुप्पट."

तिनं मेंढीचं डोकं काखेत धरलं, अंगठ्यानं खालची पापणी ओढली आणि उम्मीकडे वळवली. "उम्मी, बघा."

आत पांढरं होतं. भिजलेल्या तांदळासारखं. तिजानीनं मान वाकडी करून बघितलं आणि म्हणाला, "मेंढीचा डोळा आहे, त्यात काय बघायचंय?"

"सी तिजानी, तुम्ही गप्प बसा जरा, मी सासूशी बोलतेय." दालेंदानं एक लाल दोऱ्याची मेंढी ओढून आणली. पापणी ओढली. आत डाळिंबाच्या दाण्यासारखं. "ही न धुतलेली. ती दुप्पट धुतलेली. मी शाळेत गेले नाही उम्मी, पण तुम्ही माझ्या लेकींचे डोळे असेच ओढून बघायचात. पांढरट दिसला की मला म्हणायचात, कलेजी खाऊ घाल हिला. लाल दिसला की काय म्हणायचात?"

उम्मी म्हणाली, "म्हणायचे, हिला काही झालेलं नाही, नाटकं करते."

खमैस मेंढीच्या आडून हसला.

"मग ज्याला काही झालेलं नाही त्याला औषध कशाला?" दालेंदा म्हणाली.

तिजानीनं आपली मेंढी ओढून घेतली. "डोळे बघून देव कळत नाही, दालेंदा. उद्या वर काही झालं तर गाव तुला माळावर परत पोचवेल."

"ट्रकचं भाडं तुम्ही द्या," ती म्हणाली. "मेंढ्या मी घेऊन जाईन."

तो गेला. दालेंदा पुन्हा नळी घेऊन बसली. आणि उम्मी ओट्यावरून उतरली. काठी न घेता, भिंत धरून, मेंढवाड्यात. मला वाटलं ती दोरे तोडायला चाललीय. तिनं पहिली लाल दोऱ्याची मेंढी धरली आणि पापणी ओढली. मग दुसरी. मग तिसरी. ऑपरेशन झालेला डोळा अगदी जवळ नेऊन, मेंढीचा श्वास गालाला लागेल इतका जवळ. मेंढ्या तिला ओळखतात, हलत नव्हत्या. एकेक करून तिनं सगळ्या बघितल्या. मधे खमैसनं पाण्याचा तांब्या पुढे केला तर त्याला कोपरानं बाजूला सारलं.

एकीपाशी ती थांबली. हिरव्या काठाची.

"ही लाल नाही," ती म्हणाली.

दालेंदा उठून आली. "आहे उम्मी. सकाळी मीच बघितली."

"सकाळी उजेड कमी होता. ये इकडे. इथे उन्हात बघ."

दालेंदानं बघितलं. दुसरा डोळाही बघितला. मग कमरेची कात्री काढून दोरा कापला. "चुकले," म्हणाली, आणि नळी भरायला गेली. उम्मीनं मेंढीचं तोंड धरून ठेवलं, दालेंदानं पाजलं. दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही.

संध्याकाळी जेवायला आम्ही सगळे एकाच परातीभोवती बसलो. मी तिथेच थांबले होते, दुसऱ्या दिवसाची कामं होती. खमैसनं रोटी मोडली. अंगणातून मेंढ्या ऐकू येत होत्या, दोऱ्याच्या, बिनदोऱ्याच्या, सगळ्या एकत्र.

"माझ्या हातून झाप निघायचा नाही," उम्मी म्हणाली.

खमैस थांबला. "उम्मी..."

"मला बोलू दे. माझ्या सासूनं माझा हात हातात घेऊन सांगितलं होतं, धुतल्याशिवाय एक खूरसुद्धा वर पडता कामा नये. मला तिला तोंड दाखवायचंय, आणि फार दिवस नाहीत त्याला. मी उद्या फांदी ओढणार नाही." तिनं रोटीचा तुकडा तेलात बुडवला. "पण मी डोळे बघितलेत. खोटं बोलणार नाही. कुणी ओढत असेल तर मी आडवी येणार नाही."

दालेंदानं हातातला तुकडा परातीत ठेवला. तिला कळलं होतं तिच्यापुढे काय ठेवलंय ते. सासूच्या माघारी मिळायची ती गोष्ट सासूदेखत घ्यायची. उद्या काही बरं झालं तर सीदींची कृपा, वाईट झालं तर दालेंदाचं. तेही एका वर्षाचं नाही. एकदा तिनं फांदी ओढली की दर शरदात तीच ओढणार, आणि दर शरदात कुणाला पाजायचं, कुणाला नाही, हे गाव तिच्या दारात येऊन विचारणार किंवा तिच्या दारात येऊन भांडणार. डॉक्टर येईल, लेंड्या मोजेल, निघून जाईल. ही इथेच राहणार.

तिनं हात पुसले.

"फांदी मी ओढणार," ती म्हणाली. "उद्या आणि इथून पुढे. लाल दोऱ्याच्या पुढे, बाकीच्या त्यांच्यामागे. ज्यांनी कालपरवा सगळा कळप धुतलाय त्यांची जनावरं महिनाभर खालीच राहतील, त्यांच्या पोटात आता न मरणारेच उरलेत; सी तिजानीची पहिली. त्याला मी स्वतः जाऊन सांगते, आत्ता, चहाच्या आधी. औषध या घरातून पेल्यात कुणाला मिळणार नाही. ज्याला हवं त्यानं मेंढी घेऊन यावं, डोळा बघून, वजन करून पाजू. डोळे उम्मी बघतील, माझ्यापेक्षा त्यांना दिसतं. कुसकुस दरवर्षीइतकाच होईल, कमी नाही. साल्हा, गाजरं रात्रीच सोलून ठेव."